विश्लेषण : घुमणारा आवाज गाद्यांनी आवरणारे वॉलेस सेबिन कोण होते?

दुकानात छान वाजलेला स्पीकर घरी आणल्यावर घुमतो. गाण्यातले शब्द एकमेकांत मिसळतात. टीव्हीवरचे संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवावा लागतो आणि वाढवल्यावर गोंगाटच वाढतो. अशा वेळी बहुतेक जण नवा, महागडा स्पीकर घेण्याच्या विचारात पडतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष स्पीकरचा नसून खोलीचा असतो. गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती आणि खिडक्यांच्या काचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात.

हे मोजून दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वॉलेस क्लेमेंट सेबिन. त्यांची साधने होती ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदवणारे यंत्र, स्वतःचे कान आणि जवळच्या सभागृहातून रात्रीपुरत्या उचलून आणलेल्या आसनांच्या गाद्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रयोगांतून निघालेला नियम आजही सभागृहे आणि स्टुडिओ बांधताना वापरला जातो. घरात कमी खर्चात आवाज सुधारायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी हेही त्याच नियमातून कळते.

सेबिन यांची पार्श्वभूमी काय होती?

सेबिन यांचा जन्म १३ जून १८६८ रोजी ओहायो राज्यातील रिचवुड या गावी झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, १८८६ मध्ये, ते ओहायो स्टेट विद्यापीठातून पदवीधर झाले. पुढच्या शिक्षणासाठी ते हार्वर्डला गेले, तिथेच एम.ए. झाले आणि तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्यांनी पीएच.डी. कधीच केली नाही.

प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून काटेकोर मोजमापे करून घेणारा चांगला शिक्षक, अशी त्यांची ओळख होती. ध्वनी हा त्यांचा खास विषय नव्हता. तो त्यांच्याकडे १८९५ मध्ये आला, तोही एका बिघडलेल्या सभागृहाच्या निमित्ताने. तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

फॉग संग्रहालयाच्या सभागृहात अडचण कोणती होती?

हार्वर्डमध्ये त्या वर्षी फॉग कला संग्रहालयाची नवी इमारत उघडली. रिचर्ड मॉरिस हंट या नामवंत वास्तुविशारदाने तिची रचना केली होती. इमारतीत व्याख्यानांसाठी एक सभागृह होते. मात्र तिथे व्याख्यान सुरू झाले की श्रोत्यांना काहीच कळत नसे.

नेहमीच्या आवाजात उच्चारलेला एक शब्द त्या रिकाम्या सभागृहात साधारण साडेपाच सेकंद ऐकू येत राही. तेवढ्या वेळात सावकाश बोलणाराही पुढची १२-१५ अक्षरे बोलून जातो. ही सगळी अक्षरे हवेत एकाच वेळी रेंगाळत आणि त्यांचा गलका होई. आवाज थांबल्यानंतरही खोलीत रेंगाळणाऱ्या या ध्वनीला निनाद म्हणतात.

विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी यावर उपाय शोधण्याचे काम सेबिन यांच्याकडे सोपवले. त्या काळी सभागृहाचा आवाज चांगला निघणे हा नशिबाचा भाग मानला जाई. छताखाली तारा ताणून बांधल्या की आवाज सुधारतो, अशीही एक समजूत होती. सेबिन यांना पुढे या तारांचा उपयोग नगण्य असल्याचे आढळले.

गाद्यांचा प्रयोग कसा झाला?

हार्वर्डमध्येच सँडर्स थिएटर हे दुसरे मोठे सभागृह होते. तिथे वक्त्याचे बोलणे स्वच्छ ऐकू येई. दोन्ही ठिकाणांत फरक काय, हे पाहताना सेबिन यांचे लक्ष सँडर्समधील आसनांवरच्या गाद्यांकडे गेले. फॉगच्या सभागृहात आसने उघडी होती आणि भिंती कठीण गिलाव्याच्या होत्या.

सेबिन आणि त्यांचे मदतनीस रात्री सँडर्समधल्या गाद्या उचलून फॉगमध्ये आणत. दिवसा रस्त्यावरच्या ट्रामचा आणि विद्यार्थ्यांचा आवाज मोजमापात अडथळा आणत असे, त्यामुळे काम मध्यरात्रीनंतरच चाले. सकाळी सँडर्समध्ये कार्यक्रम असत, म्हणून पहाटेपूर्वी सगळ्या गाद्या जागच्या जागी परत न्याव्या लागत.

प्रयोगाची पद्धत साधी होती. दाबाखाली भरलेल्या हवेने ऑर्गनची नळी वाजवायची. तिच्यातून सेकंदाला ५१२ कंपनांचा स्वर निघे. नळी अचानक बंद करायची आणि स्वर पूर्ण विरेपर्यंत किती वेळ गेला, ते यंत्रावर नोंदवायचे. मग काही मीटर लांबीच्या गाद्या आणखी अंथरायच्या आणि पुन्हा मोजायचे.

रिकाम्या सभागृहात निनाद सुमारे ५.६ सेकंद टिकत होता. गाद्या वाढत गेल्या तसा तो घटत गेला. आसने, मधल्या वाटा, व्यासपीठ आणि मागची भिंतसुद्धा गाद्यांनी झाकल्यावर तो सुमारे १.१ सेकंदांवर आला. भिंत फोडायची किंवा छत बदलायची गरज पडली नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. तेवढ्याच गाद्या सभागृहात कुठेही ठेवल्या, तरी निनादाचा काळ जवळजवळ सारखाच कमी होत होता. ध्वनी खोलीत इतक्या वेळा आपटून फिरतो, की तो कधी ना कधी गादीपर्यंत पोहोचतोच.

कपड्यांमुळे मोजमापे का वाया गेली?

मऊ वस्तू आवाज शोषतात, तर मोजणाऱ्या माणसाचे कपडेही शोषणारच. हे लक्षात यायला सेबिन यांना मोठी किंमत मोजावी लागली. निष्कर्षांत बारीक तफावत दिसत होती आणि तिचे कारण सापडत नव्हते. अखेर ती त्यांच्या अंगावरच्या बदलत्या कपड्यांमुळे येत असल्याचे स्पष्ट झाले.

त्यांनी आधीची हजारो मोजमापे टाकून दिली. त्यानंतर प्रत्येक प्रयोगाच्या वेळी ते एकच ठरलेला वेश घालू लागले. निळा हिवाळी कोट, बंडी, जाड विजार आणि उंच बूट असा तो वेश होता. ऋतू कोणताही असो, त्यात बदल नसे.

दोन वर्षे उलटूनही सभागृह तसेच होते. आता पुरे झाले, मोजणे थांबवा आणि हाती आहे त्यावरून सभागृह दुरुस्त करा, असा आग्रह इलियट यांनी धरला. सेबिन यांनी भिंतींच्या ठरावीक भागांवर केस दाबून बनवलेला जाड नमदा, म्हणजे फेल्ट, बसवून घेतला. सभागृह उत्तम झाले नाही, पण व्याख्यानांसाठी वापरता येऊ लागले.

सूत्र कसे सापडले?

त्याच सुमारास बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक हेन्री ली हिगिन्सन नवे संगीतगृह बांधू पाहत होते. रचना चार्ल्स मॅकिम यांची होती. बांधून झाल्यावर आवाज बिघडलेला निघू नये, म्हणून इलियट यांनी सेबिन यांचे नाव सुचवले. सेबिन यांनी आधी मागेपुढे पाहिले. त्यांच्याकडे आकड्यांचा ढीग होता, पण त्यांतून नियम निघत नव्हता.

ऑक्टोबर १८९८ च्या अखेरीस एका रात्री कोडे सुटले. घरी आकडे चाळताना त्यांना उमगले, की गाद्यांची लांबी आणि निनादाचा काळ यांचा आलेख म्हणजे अपास्त ही वक्ररेषा आहे. तोपर्यंत ते फक्त गाद्यांचा विचार करत होते. पण उघड्या भिंती, छत आणि लाकूडही थोडा आवाज शोषतात. ते शोषण गाद्यांच्या शोषणात मिळवले, की बेरीज आणि निनादकाळ यांचा गुणाकार प्रत्येक वेळी तेवढाच येत होता. ही आनंदाची बातमी त्यांनी आधी घरातच, आपल्या आईला सांगितल्याचे नमूद आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी इलियट यांना पत्र लिहून संगीतगृहाच्या कामाची तयारी कळवली.

आजच्या रूपात हे सूत्र असे आहे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचे, त्याला ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचे. उत्तर निनादाचा काळ सेकंदांत देते. आवाजाची ऊर्जा दहा लाखाव्या भागापर्यंत घसरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ.

शोषण मोजायला सेबिन यांनी उघडी खिडकी हे एकक धरले. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक. या मापाने त्यांच्या नोंदींत आसनांच्या गाद्यांचे शोषण सुमारे ०.८, जड पडद्यांचे सुमारे ०.२३ आणि गालिच्याचे सुमारे ०.२ होते. गिलावा, विटा आणि काच यांचे मात्र जेमतेम ०.०३ होते. श्रोत्यांत बसलेला एक माणूस ०.४४ एककाइतका आवाज शोषत होता.

घरातल्या खोलीला हा हिशेब कसा लागू होतो?

समजा, एक रिकामी खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, म्हणजे ढोबळमानाने १३ बाय १० फूट. तिचे घनफळ ३६ घनमीटर. भिंती, फरशी आणि छत मिळून क्षेत्रफळ ६६ चौरस मीटर. सगळे पृष्ठभाग कठीण असतील तर एकूण शोषण जेमतेम २ एकके भरते. सूत्रानुसार निनाद सुमारे २.९ सेकंद टिकतो. रिकाम्या फ्लॅटमध्ये बोलताना आवाज का घुमतो, ते यावरून कळते.

आता त्यात आणखी २ एकके शोषण आणले, तर निनाद निम्मा, म्हणजे सुमारे १.४५ सेकंद होतो. सेबिन यांच्या आकड्यांनुसार डबल बेडच्या एका गादीतून एवढे शोषण मिळू शकते. पुन्हा २ एकके वाढवली की निनाद सुमारे १ सेकंदावर येतो. आणखी २ वाढवली की ०.७ च्या आसपास.

पहिल्या टप्प्यात जवळजवळ दीड सेकंद वाचला, दुसऱ्यात अर्धा आणि तिसऱ्यात पाव. त्या रात्री सेबिन यांना दिसलेल्या वक्ररेषेचा घरगुती अर्थ हाच. उघड्याबोडक्या खोलीत आणलेल्या पहिल्या चार मऊ वस्तू सर्वांत जास्त फरक पाडतात. त्या बहुतेकदा घरातच असतात. नंतर कितीही पैसे ओतले तरी फायदा घटत जातो.

सिम्फनी हॉलची परीक्षा कशी झाली?

बॉस्टनचा सिम्फनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडला. बांधण्याआधी ध्वनीचा हिशेब शास्त्रीय सूत्राने मांडलेले हे पहिले संगीतगृह मानले जाते. सेबिन यांनी बॉस्टनचे जुने संगीतगृह आणि जर्मनीतील लाइपझिगचे गेवांडहाउस यांच्याशी तुलना करून नव्या इमारतीची मापे तपासली होती.

सुरुवातीचे स्वागत मात्र संमिश्र होते. शहरातील काही संगीत समीक्षकांना हॉलचा आवाज पसंत पडला नाही. ज्या माणसाने आपली सारी विद्या त्या इमारतीत ओतली, त्याच्या वाट्याला जाहीर टीका आली. सेबिन यांनी वाद घातला नाही. ते पुन्हा मोजमापांकडे वळले.

आज हा हॉल व्हिएन्नाचे म्युझिकफेराइन आणि ॲम्स्टरडॅमचे कॉन्सर्टगेबाउ यांच्या जोडीने जगातील सर्वोत्तम संगीतगृहांत गणला जातो. हा लौकिक पुढच्या दशकांत पक्का झाला. तो पाहायला सेबिन हयात नव्हते.

लहान खोल्यांबद्दल त्यांना काय आढळले?

घरात गाणी ऐकणाऱ्यांसाठी सेबिन यांचा १९०२ चा प्रयोग जास्त जवळचा आहे. बॉस्टनमधील न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीतसंस्थेतील काही लहान खोल्यांत त्यांनी जाणकार संगीतकारांना बसवले. पियानो वाजत असताना गाद्या आणून किंवा काढून निनाद कमी-जास्त केला जाई. आता बरोबर वाटते असे संगीतकारांनी म्हटले, की सेबिन गाद्या आणि माणसे मोजून हिशेब करत.

वेगवेगळ्या आकारांच्या खोल्यांतही सर्वांची पसंती सुमारे १.१ सेकंद निनादाच्या आसपासच आली. रसिकांचे कान किती अचूक असतात, हे त्यातून दिसले. त्याच वेळी निनाद पूर्ण संपवणे हे उद्दिष्ट नसते, हेही स्पष्ट झाले. खोलीत गाद्या फार झाल्या की पियानोचा आवाज कोरडा आणि निर्जीव वाटू लागे.

पुढे १९०६ पर्यंत त्यांनी खर्जापासून तीव्र स्वरांपर्यंत वेगवेगळ्या वस्तूंचे शोषण मोजले. पातळ कापड आणि नमदा उंच स्वर चांगले शोषतात, खर्जाचे स्वर मात्र त्यांना फारसे जुमानत नाहीत, असे त्यात दिसले. म्हणूनच नुसत्या पातळ पडद्यांनी भरलेल्या खोलीत टाळांचा आवाज दबतो आणि पखवाजाची धूम तशीच घुमत राहते.

आवाज शोषणे आणि आवाज अडवणे यांत फरक काय?

हा फरक न कळल्यामुळे घरोघरी पैसे वाया जातात. खोलीतला निनाद कमी करणे म्हणजे शोषण. बाहेरची रहदारी, लिफ्ट किंवा शेजारचा टीव्ही ऐकू येऊ नये ही वेगळी गरज, तिला ध्वनिरोधन म्हणतात.

सेबिन यांनी १९१५ मध्ये या दुसऱ्या प्रश्नावरही लेखन केले. नमद्याच्या थरांतून, लोखंडी पत्र्यांतून आणि दोन थरांमधल्या हवेच्या पोकळीतून किती आवाज पार जातो, हे त्यांनी मोजले. आवाज अडवायला वजनदार आणि फटी नसलेला अडसर लागतो. मऊ, हलका थर खोलीतला घुमारा कमी करतो, पण रस्त्यावरचा हॉर्न थांबवू शकत नाही.

तिसरा त्रास यंत्रातून येतो. गाणे बंद असतानाही स्पीकरमधून घरघर येत असेल, तर तो वायरिंगचा किंवा चार्जरचा प्रश्न असतो. तिथे गादी किंवा पडदा काहीच करू शकत नाही.

घरात स्वस्तात काय करता येईल?

आधी टाळी वाजवून पाहा : खोलीच्या मधोमध उभे राहून एकच जोरदार टाळी वाजवावी. मागे शेपटीसारखा आवाज रेंगाळला किंवा तारेसारखा झणकारला, तर शोषण कमी आहे. फोनवर हे रेकॉर्ड करून ठेवले, तर नंतरचा फरक कळतो.

स्पीकरची जागा बदला : याला काहीच खर्च नाही. कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो. तो एक-दीड फूट पुढे आणावा, कपाटाच्या कप्प्यातून बाहेर काढावा आणि बसल्यावर कानाच्या पातळीत येईल असा ठेवावा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण साधारण समभुज असावा.

फरशी झाका : स्पीकर आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये सतरंजी, जाजम किंवा जुना गालिचा अंथरावा. एकाऐवजी दोन सतरंज्या एकावर एक टाकल्या तर फायदा वाढतो.

समोरची भिंत मऊ करा : दोन उघड्या भिंती समोरासमोर असतील, तर एकीवर जाड गोधडी टांगावी. ती भिंतीला चिकटवण्याऐवजी दोन-तीन इंच पुढे टांगली तर जास्त उपयोगी पडते. पडदा ताणून लावण्याऐवजी भरपूर चुण्या ठेवाव्यात. दिवसा गुंडाळून ठेवली जाणारी जादा गादी कोपऱ्यात उभी केली, तर थोडा खर्जही आवरतो.

आरशाची युक्ती : नेहमीच्या जागी बसावे आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. आरशात स्पीकर जिथे दिसतो, तिथूनच आवाज पहिल्यांदा आपटून कानावर येतो. गोधडी किंवा पुस्तकांचे कपाट त्या जागी असावे. एकूण निनादासाठी गादीची जागा महत्त्वाची नसते, पण शब्दांच्या स्पष्टतेसाठी ही जागा महत्त्वाची असते.

फटी बुजवा : बाहेरचा आवाज येत असेल, तर आधी दाराखालची आणि खिडकीच्या चौकटीतली फट पाहावी. चिकटपट्टीसह मिळणारी रबराची किंवा फोमची पट्टी हा सर्वांत स्वस्त उपाय. मात्र गॅसची उपकरणे असलेल्या खोलीत हवा खेळती राहणे आवश्यक असते, तिथे फटी बुजवू नयेत.

घरघरीवर उपाय : टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि सेट-टॉप बॉक्स एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर जोडून पाहावेत. ऑडिओच्या तारा विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात. घरघर थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणे धोक्याचे असते, ते कधीही करू नये.

काय टाळावे?

भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला अनेक वर्षे फिरतो आहे. पातळ पुठ्ठा थोडेफार उंच स्वर शोषतो, बाहेरचा आवाज अडवत नाही आणि लवकर पेट घेतो. पॅकिंगचा स्वस्त फोम भिंतभर चिकटवणेही आगीच्या दृष्टीने धोक्याचे असते.

सगळ्या भिंती एकदम झाकण्याचीही घाई नको. एक वस्तू आणावी, टाळी वाजवावी, गाणे ऐकावे आणि मग दुसरी आणावी. कॉन्झर्व्हेटरीतल्या संगीतकारांनी हेच केले होते. सेबिन यांचे सूत्र लहान खोलीतल्या खोल खर्जाला नीट लागू पडत नाही. तिथे स्पीकर आणि बसण्याची जागा थोडी थोडी सरकवून पाहणे हाच बिनखर्चाचा मार्ग.

सेबिन यांचा शेवट कसा झाला?

सेबिन यांनी १९०० मध्ये जेन केली या डॉक्टर असलेल्या महिलेशी विवाह केला. त्यांना दोन मुली होत्या. हार्वर्डमध्ये ते प्राध्यापक आणि नंतर विज्ञान शाखेचे अधिष्ठाता झाले. राफाएल गुआस्ताविनो यांच्यासोबत त्यांनी आवाज शोषणाऱ्या खास फरश्या तयार केल्या. न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये त्या वापरल्या गेल्या.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला गेले. तिथे व्याख्याने दिली, मदतकार्यात भाग घेतला आणि परतल्यावर अमेरिकी सरकारच्या विमानविषयक कामात झोकून दिले. या काळात प्रकृती ढासळत होती. वॉशिंग्टनमधले काम आणि हार्वर्डमधले वर्ग अशी दुहेरी धावपळ त्यांनी चालूच ठेवली. मूत्रपिंडाच्या आजाराने १० जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ५० वर्षांचे होते.

इलिनॉय राज्यातील जिनिव्हा येथे जॉर्ज फॅबियन या उद्योजकाने त्यांच्यासाठी रिव्हरबँक ही ध्वनिप्रयोगशाळा बांधून घेतली होती. तिथे काम सुरू करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांचे नातलग पॉल सेबिन यांनी ती पुढे चालवली. वॉलेस सेबिन यांचे निबंध १९२२ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले आणि ध्वनिशोषणाच्या एककाला सेबिन हे नाव मिळाले.

ज्या फॉग सभागृहापासून सारे सुरू झाले, ते १९७३ मध्ये पाडण्यात आले. सँडर्स थिएटर आणि सिम्फनी हॉल आजही उभे आहेत आणि तिथे कार्यक्रम होतात.